सहावं बुच

आमच्या घरात कोरी वही क्वचितच यायची. बाबा चंद्रपूरच्या एका छापखान्यात कामाला होते. मशीन लावताना सुरुवातीचे कागद फिके किंवा डागाळलेले निघतात. ते रद्दीत जायचे. गावी येताना बाबा ते गठ्ठ्याने घरी आणायचे. बहुतेक चळवळीची पत्रकं असायची. एका बाजूला जमीन, पाणी, मजुरी, आरक्षण आणि मोठमोठी उद्गारचिन्हं. दुसरी बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली आणि पुढे बीजगणितही केलं. शाई पातळ असली की मागची अक्षरं उलटी उमटायची. माझ्या वर्गसमीकरणांच्या खाली कायम कुणीतरी उलट्या अक्षरांत जागं होत असायचं.

पत्रकांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. प्रत्येक अन्यायाला एक करणारा असतो, आणि नीट लिहिलेल्या कागदापुढे तो टिकत नाही. यातली पहिली गोष्ट खरी नाही, हे मला आमच्या तलावाने शिकवलं. दुसरीही फारशी खरी नाही.

आमचं गाव सावली तालुक्यात, वैनगंगेपासून फार लांब नाही. सगळीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि गावाच्या वरच्या अंगाला जुना तलाव. त्याच्या पाळीत, म्हणजे मातीच्या बांधात, पाणी सोडायची दगडी जागा आहे, तिला आमच्याकडे तुडुम म्हणतात. विहिरीत उतरावं तशा दहा पायऱ्या, प्रत्येक पायरी फूटभराची, प्रत्येकीत एक भोक आणि भोकात लाकडी बुच. तलाव भरला की तुडुमापाशी दहा फूट पाणी असतं. वरचं बुच काढलं की पाणी एक फूट उतरून थांबतं. मग खालचं काढायचं, मग त्याच्या खालचं. हे काम पाणकर करतो. आमचा पाणकर म्हातारा आहे, त्याच्या हाताला दोन बोटं कमी आहेत, आणि एका थेंबाचीही लबाडी त्याने आयुष्यात केलेली नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे वाचताना तुम्ही त्याच्यावर संशय घ्याल. मीही घेतला होता.

बी.एस्सी. झाल्यावर मी गावात परत आले आणि विहाराच्या ओट्यावर अकरावीच्या मुलांची शिकवणी घेऊ लागले. पुस्तक इंग्रजी, समजावणं मराठीत. त्यात एक ढिवरांची पोर होती. तिची आई गावातल्या मासेमारी करणाऱ्या बायकांच्या गटाची प्रमुख. तिच्या आईला मी बाई म्हणायचे. ती मला मास्तरीण म्हणायची, आणि त्यात कौतुक किती नि चिमटा किती हे कधी कळायचं नाही.

त्या वर्षी तलाव पहिल्यांदा मासेमारीच्या ठेक्याने बायकांच्या गटाकडे आला होता. त्याआधी दरवर्षी माघ सरता सरता या बायका आपल्या पोरींना घेऊन तेलंगणात मिरची तोडायला जायच्या. दोन-दोन महिने शेतातच पालाखाली मुक्काम, हात रात्रंदिवस जळत. पोरींची वार्षिक परीक्षा नेमकी त्याच दिवसांत. दहावी पार केलेल्या मुली गटातल्या घरांत दोनच होत्या आणि त्यातली एक माझ्याकडे शिकत होती. बाईचा हिशेब साधा होता. श्रावणात सोडलेलं माशांचं बीज फाल्गुनापर्यंत तलावात वाढलं, तर मिरचीला जायची गरज नाही. पोर परीक्षेला बसेल. तिने तलाव घेतला तो एवढ्यासाठी.

पण तलावाचं पाणी धानाचंही होतं. भादव्यात पाऊस उघडला आणि धान निसवायच्या वेळी बांध्यांना पाणी लागणार हे दिसू लागलं. शेतकरी तलाव रिकामा करतील अशी बायकांना भीती. बाई माझ्याकडे आली.

"लिहून दे," ती म्हणाली. "माह्या छातीभर पाणी राह्यलं की तुडुम बंद. तेवढ्यात मासोळी जगते."

मला हसू आलं. "बाई, छातीभर म्हणजे कोणाच्या छातीभर? उद्या ते सहा फुटाचा माणूस उभा करतील."

"तं माही छाती लिही ना. माहं नाव टाक. मी उभी राह्यतो."

"कागदावर आकडा लागते. छाती नाई चालत."

"आतापर्यंत तं चालली," ती म्हणाली. "अन् तुह्या आकड्याले गाळ समजते का?"

मी तिला तलावाच्या काठावर उभी करून टेपने मोजलं. छातीपर्यंत चार फूट. बस. ते चार मी तिच्या अंगावरून उचलले आणि तिला तिथेच सोडून घरी निघून आले.

नेमकं त्याच आठवड्यात शिकवणीत असमानता चालू होत्या. मला वाटलं, याहून चांगलं उदाहरण पुस्तकात मिळणार नाही. फळ्यावर लिहिलं: उघडलेली बुचं क्ष. उरलेलं पाणी १० − क्ष. ते चार किंवा चाराहून जास्त हवं.

१० − क्ष ≥ ४

दहा पलीकडे नेले: −क्ष ≥ −६. इथे दरवर्षी निम्मी मुलं पडतात. उणे एकने गुणलं की चिन्ह उलटतं, मोठं ते लहान होतं. मी विचारलं, का उलटतं? ती ढिवरांची पोर म्हणाली, "ताई, बुचं वाढली की पाणी कमी होते. मनून उलटते." त्या दिवशी मला तिचा इतका अभिमान वाटला की ओट्यावरून उतरून तिला मिठी मारावी.

क्ष ≤ ६. आता हे अंतरालात लिहायचं. टोकाची संख्या धरायची असेल तर चौकोनी कंस, सोडायची असेल तर गोल. संख्यारेषेवर धरलेला बिंदू भरीव, सोडलेला पोकळ. सहा धरलेले, म्हणून सहापाशी चौकोनी. डावीकडे पुस्तकातलं उत्तर उणे अनंतापर्यंत जातं, आणि अनंतापाशी नेहमी गोल कंस, कारण तिथे कोणी पोचत नाही.

"ताई, उणे बुच कसं काय काढाचं?" मागच्या पोराने विचारलं. सगळे हसले.

"म्हणून डोकं वापरायचं. काहीच काढलं नाही तर शून्य. तिथून पुढे." मी लिहिलं: [०, ६].

सगळ्यांनी उतरवून घेतलं. ती पोर तेवढी वहीत संख्यारेषेशेजारी तुडुमाच्या पायऱ्या काढत बसली होती. तिने हात वर केला.

"वरच्या बुचापाशी झिरो लिहू का?"

"नाही. झिरो म्हणजे काही काढलंच नाही. पहिलं बुच म्हणजे एक."

"पण वरचं..."

"पहिलं म्हणजे एक," मी म्हणाले. "यात वाद नाही." आणि तिच्या वहीतल्या शून्यावर माझ्या हाताने काट मारली.

गावसभा देवळासमोरच्या चिंचेखाली बसली. शेतकऱ्यांचं म्हणणं होतं, सहा बुचं तरी द्या. बायकांपैकी कोणी म्हणालं, सहापेक्षा कमी, पाचच. भांडण सहाव्या बुचावर येऊन अडलं, आणि मला आतून उकळी फुटली, कारण हा तर माझाच प्रश्न होता: भरीव की पोकळ. मी उभी राहिले. सहा उघडली तर बरोबर चार फूट उरतं, चार पुरेसं आहे, म्हणून सहावं धरायचं, सातव्याला हात लावायचा नाही. पत्रकासारखी बोलले. बांधीतल्या धानाचा हक्क, पाण्यातल्या माशाचा हक्क, आणि दोघांच्या मध्ये एक रेघ.

"पोरगी वकील होऊन राह्यली," एक शेतकरी म्हणाला. "पण बोलून बरोबर राह्यली. सहा कबूल."

इतक्या सहज कबूल होतील असं वाटलं नव्हतं. विजयाच्या भरात मी विचार केला नाही की माणसं सहज कबूल होतात तेव्हा त्यांना काय दिसलेलं असतं. कागद मी लिहिला. खाली अक्षरांत 'सहा बुचं, सहावं धरून' आणि शेजारी, कुणाला कळो न कळो, [०, ६]. सह्या झाल्या, अंगठे झाले. बाईने सही केली. गट झाल्यावर ती सही शिकली होती. कागद समाजमंदिराच्या भिंतीवर चिकटवला.

आता जे सांगायचं आहे ते दरवर्षी आश्विनात होतं. पहिलं बुच काढायच्या आधी तुडुमावर पूजा होते. नारळ फुटतो, कुंकू लागतं. आमच्या वस्तीतलं कोणी त्या पूजेला जात नाही. माझ्या आजोबांच्या काळी आम्हाला पाळीवर चढूच देत नसत. छप्पन साली आजोबांनी दीक्षा घेतली आणि पुढे आम्हीच जायचं सोडलं. येऊ न देणं आणि न जाणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, असं मी आजही मानते. लहानपणी नारळाच्या आवाजाने मान वळवली तरी बाबा ओरडायचे: "दगडाले कुंकू लावून पानी येते का?" त्यामुळे त्या पूजेत नेमकं काय होतं ते मला माहीत नव्हतं. मोठ्या बायकाही तेव्हा तुडुमावर चढत नाहीत, म्हणून बाईलाही नव्हतं. लहान पोरी मात्र चालतात. माझ्या शिकवणीतली ही पोर चार-पाच वर्षांची असताना वडलांच्या खांद्यावर बसून पूजेला जायची. वडील वारले तेव्हापासून नाही.

पाणी सुटलं तेव्हा मी चंद्रपुरात होते, बाहेरून चाललेल्या बी.एड.च्या परीक्षेला. दुपारी दोन पेपरांच्या मधल्या वेळेत बाईचा फोन आला. मागे पाण्याचा आवाज येत होता.

"मास्तरीण, पानी कमी वाटून राह्यलं. सकाळी सहावं काढलं त्याने. मी उतरून पाह्यलं. कमरेलेच लागते."

"सहावं काढलं ना? सातवं नाही ना?"

"तो म्हणते सहाच. थांब, त्यालेच देतो."

पाणकराचा आवाज आला. "सहाच काढले पोरी. तुह्या कागदापरमाने. माह्यावर भरोसा नाई का?"

मला त्याच्यावर भरोसा होता आणि स्वतःच्या गणितावर त्याहून जास्त. बाई पुन्हा फोनवर आली. "आता लगेच बुजवलं तं अजून वीतभर पानी राह्यन. बुजवाले सांगू का?"

हा तो क्षण. बुच सकाळी काढलेलं, पाणी अजून पुरतं उतरलेलं नव्हतं. मी एक शब्द बोलले असते तर तलाव वाचला असता.

"बाई, तुम्ही गाळावर उभ्या असाल," मी म्हणाले. "गाळ साचला की पाणी कमी वाटते. बुचं सहा आहेत ना? मग पाणी चार फूटच आहे. आपणच करार मोडला तर उद्या ते मोडतील."

ती म्हणाली, "कमर कमरच असते पोरी." आणि फोन ठेवला. बुच तिने बुजवायला लावलं नाही. मी सांगितलं म्हणून.

दिवाळीत गावी आले तेव्हा बुचं पुन्हा ठोकून बसवलेली होती. पाळीवरून मी तलाव पाहिला. पसरट, शांत. आमचा तलाव बशीसारखा आहे; मधे थोडा खोल, कडेला उथळ. वरचा फूट गेला तर काठ थोडासा उघडा पडतो, पण खालचा फूट गेला की अर्धा तलाव चिखल होतो. माझं १० − क्ष खोलीचं होतं आणि ते बरोबर होतं. मासे खोलीत राहत नाहीत, पाण्यात राहतात.

पौष गेला. माघात चार-पाच दिवस आभाळ भरून आलं, पाऊस नाही, वारा नाही. अशा हवेत उथळ पाण्यातला श्वास संपतो. सकाळी कोणीतरी ओरडत आलं. आम्ही पोचलो तेव्हा रोहू-कतला तोंडं वर काढून पाण्याच्या सायीवर ओठ मारत होते, हजारो ओठ, आणि त्याचा आवाज येत होता. दुपारपर्यंत आवाज थांबला. तळहाताएवढे, काही वीतभर, सगळे पांढरं पोट वर करून काठाला लागले. फक्त मरळ चिखलात जिवंत राहिले. बायका साडीचा काष्टा घालून गुडघाभर पाण्यात उतरल्या आणि टोपल्यांनी मेलेले मासे काढू लागल्या. कोणी रडत नव्हतं. बाई मधोमध उभी होती. चालून चालून तलावाच्या सर्वांत खोल जागी गेली होती आणि तिथेही पाणी तिच्या मांडीला होतं.

मला करणारा हवा होता. मी तडक पाणकराकडे गेले. तो तुडुमाच्या कडेला बसून चिलीम भरत होता.

"भाऊ, खरं सांगा. सातवं कोणी काढायला लावलं?"

"सातवं? सातवं काढलंच नाई."

"मोजून दाखवा."

तो उठला. काठी घेऊन वरच्या पायरीवर टेकवली. बुचावर कुंकू वाळून काळं पडलं होतं. "हे देवीचं," तो म्हणाला. काठी खालच्या पायरीवर गेली. "हे एक. हे दोन. हे तीन." सहा म्हणाला तेव्हा काठी सातव्या पायरीवर होती.

"वरचं नाही मोजलं तुम्ही."

"देवीचं कोन मोजते?" तो खरोखर गोंधळून माझ्याकडे पाहत होता. "माह्या बापानं नाई मोजलं, त्याच्या बापानं नाई मोजलं. साऱ्या गावाले माहीत आहे. तुले नाई?"

मला नव्हतं. चिंचेखाली शेतकऱ्यांनी सहा कबूल केले ते त्यांचे सहा होते. कोणी लबाडी केली नव्हती. त्या साऱ्या व्यवहारात लबाडी कुठेच नव्हती, तीच तर पंचाईत होती. मी आजही म्हणते की दगडात देवी नसते. पण मोजणी त्या दगडापासून सुरू होत होती, आणि ज्या गोष्टीकडे मी तत्त्व म्हणून पाठ फिरवली होती ती काय आहे हे मी कधी विचारलंही नव्हतं. विचारायला पूजा करावी लागत नव्हती.

आणि एकीने सांगितलं होतं. तिच्या वहीतल्या शून्यावर काट माझ्या अक्षरातली होती.

बाईला मी सगळं सांगितलं. तिच्या अंगणात मेलेल्या माशांचा वास अजून होता. ऐकून ती म्हणाली, "म्हणजे माही कमर बरोबर होती."

"हो."

"हं," ती म्हणाली, आणि जाळ्याची गाठ सोडवत राहिली.

मी गटासमोर चूक कबूल केली. भिंतीवरचा कागद फाडायला गेले तर बायकांनीच अडवलं. राहू दे म्हणाल्या, फाडून काय होते. तो अजून तिथे आहे. शिव्या कोणी दिल्या नाहीत. एका म्हातारीने एवढंच विचारलं, "मंग आता मिरचीच ना?"

फाल्गुन लागला तशी ठेकेदाराची गाडी ठरली. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी बाई पोरीला घेऊन विहाराच्या ओट्यावर आली. पोरीने केसांना घट्ट वेणी घातली होती, मिरचीची पूड केसांत जाऊ नये म्हणून. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

"लिहून दे," बाई म्हणाली. तेच शब्द. मला ते ऐकवेनात. "कॉलेजात द्याचं आहे. पोरगी परीक्षेले नाई येत, मंग आल्यावर बसू द्या म्हणा."

माझ्याकडे कोरा कागद नव्हता. मी घरातून एक पत्रक आणलं, पाठीमागे लिहायला. मग तेही ठेवून दिलं आणि दुकानातून कागद आणला.

"काय कारण लिहू? आजारी लिहू?"

"मिरची लिही. आजारी कोन आहे?"

मी मिरची लिहिलं. बाई बोलली तसंच लिहिलं, एक शब्द वरचा घातला नाही. मग तारखांपाशी आले. उद्यापासून. 'पासून' पुढे पेन थांबलं.

"कधीपर्यंत?"

बाईने पोरीकडे पाहिलं. पोर खाली ओट्याच्या फरशीकडे पाहत म्हणाली, "शेत सरेपर्यंत. मंग दुसरं शेत असते."

"तारीख लागेल ना कॉलेजला."

"आमाले नाई माहीत, ताई," ती म्हणाली. "तुमीच लिहा."

मी 'पासून'च्या पुढे 'ते' लिहिलं, आणि त्यापुढची जागा कोरी ठेवली. बाईने खाली सही केली, सावकाश, एकेक अक्षर वळवत. कागदाची घडी करून पोरीने वहीत ठेवली.